न काढलेला व्हिडिओ

थंडी पडली की मला एका शाळेचा वास येतो. फळ्यावरून नुकत्याच पुसलेल्या खडूचा, व्हरांड्याच्या टोकाला शिजणाऱ्या खिचडीचा आणि कुंपणापलीकडच्या द्राक्षबागेत पहाटे मारलेल्या औषधाचा. परवा नाशिकला अचानक गारठा वाढला. मी जिथे खोली घेऊन राहते तिथल्या काकूंनी माळ्यावरून गोधड्या खाली ओढल्या, "घे गं बाई, कुडकुडू नकोस," म्हणाल्या, आणि गोधडी अंगावर घेतल्या घेतल्या तो वास आला. वास मनातला, हे कळतं मला. पण त्याच्या पाठोपाठ राग आला, तो अगदी खराखुरा होता. गेल्या हिवाळ्यातला राग. वर्षभरात चांगला मुरलाय.

मी शिक्षिका होणार आहे. अजून झालेली नाही. बी.एड. झालंय, मुलाखती चालू आहेत. गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाला सरावासाठी एक शाळा मिळाली होती. सायखेडा मागे टाकून गोदावरीच्या काठाकाठाने गेलं की एक गाव लागतं, तिथली. गावाचं नाव सांगणार नाही. का, ते पुढे कळेल, आणि नाही कळलं तरी सांगणार नाही.

सकाळची एसटी धुक्यातून चालायची. ड्रायव्हर दर थोड्या वेळाने वर्तमानपत्राचा बोळा करून काच पुसायचा. नदीवरचा पूल आला की पाणी दिसायचं नाही, नुसती वाफ दिसायची. आम्ही छात्रशिक्षक मागच्या बाकांवर एकमेकांना चिकटून बसायचो आणि आपापल्या पाठाची टाचणं वाचायचो. वाचायचो कसलं, पहिल्यांदाच बघायचो! बहुतेकांनी ती रात्री मोबाईललाच लिहायला सांगितलेली असायची. त्यामुळे गणित असो की इतिहास, सगळ्यांच्या टाचणाची सुरुवात एकच. "विद्यार्थी मित्रांनो, आज आपण एका अद्भुत प्रवासाला निघणार आहोत." चारपाच दिवस पोरांनी सहन केलं. मग सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, रोजच काय परवास? आज हितंच बसू ना."

मी इतकी हसले की पाठ तपासायला बसलेले मुख्याध्यापक दचकले. ती मुलगी म्हणजे ईश्वरी. हे तिचं खरं नाव नव्हे. हे तिने स्वतः निवडलेलं नाव आहे.

माझ्याबद्दल हल्ली असं बोललं जातं की हिला तंत्रज्ञानाचा तिटकारा आहे. साफ खोटं. त्या शाळेतल्या स्मार्ट बोर्डवर माझ्याइतका जीव कुणाचाच नव्हता. वीज असली की मी पहिली तिथे. एकदा त्यावर धडधडणारं हृदय दाखवलं. वर्गात चिडीचूप. मग एकेकाचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला आणि सगळा वर्ग डोळे मोठे करून आपापलं हृदय ऐकत बसला. तसा तास पुन्हा घ्यायला मिळाला तर मी पायी चालत जाईन. एकदा येवल्याला माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि पोरांना पैठणीचा माग दाखवला. आई मागावर बसते. पोरांनी तिला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं, आणि ती बाई, जी माझ्याशी फोनवर "जेवलीस का" याच्या पुढे बोलत नाही, ती मोर कसा विणतात ते हात नाचवून सांगत सुटली.

आईची एक सवय मात्र सांगायला हवी. आमच्याकडे माग बघायला माणसं येतात, फोन काढूनच आत शिरतात. अर्धा झालेला पदर मागावर असला की आई आधी त्यावर जुनी ओढणी टाकते. अर्ध्या पदरातून रेशीम गुंडाळलेल्या रंगीत कांड्या लोंबत असतात, धाग्यांची टोकं सुटलेली असतात. कुणी "एकच फोटो, मावशी" म्हणालं की ती म्हणते, "झाल्यावर या. हजार काढा." लहानपणी मला ती खडूस वाटायची. कॉलच्या दिवशीसुद्धा तिने आधी ओढणी टाकली, पोरांना शेजारच्या मागावरचा पूर्ण झालेला पदर दाखवला, आणि मी कपाळाला हात लावला.

आता जे घडलं ते.

बी.एड.ला कृतिसंशोधन नावाचा एक प्रकार असतो. वर्गातली एखादी अडचण हेरायची, तिच्यावर उपाय करायचा, आणि फरक पडला हे सिद्ध करायचं. पूर्वी हे कागदावर चालायचं. आता पुरावा म्हणून व्हिडिओ लागतात. एक आधीचा, एक नंतरचा. आधीच्यात मूल अडखळलेलं दिसलं पाहिजे, नंतरच्यात घडाघडा बोललं पाहिजे. आमच्या गटातल्या नितीनने पाढे हा विषय घेतला होता. नितीन चांगला मुलगा आहे हे आधीच सांगते. शाळा सुटल्यावर थांबून पोरांना शिकवणारा तो एकटाच होता. पण त्याला आधीचा व्हिडिओ हवा होता. म्हणून त्याने ईश्वरीला फळ्यापाशी उभं केलं, मोबाईल तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "म्हण, तेराचा."

ती "तेर सक अठ्ठ्याहत्तर" पर्यंत आली आणि थांबली. "तेरा साती... तेरा साती..." वेणी ओढली, आढ्याकडे पाहिलं, जीभ बाहेर काढली, पुन्हा "तेरा साती", आणि शेवटी डोळ्यांत पाणी. नितीनला अगदी हवा तसा मिळाला. त्याने तो आमच्या गटाच्या ग्रुपवर टाकला. मुख्याध्यापकांनी तिथून उचलला आणि मोठ्या कौतुकाने पालकांच्या ग्रुपवर पाठवला. वर लिहिलं, "छात्रशिक्षकांचा स्तुत्य उपक्रम," आणि पुढे हात जोडलेले. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. हेच तर मला अजून पचत नाही. संध्याकाळपर्यंत गावातल्या कुण्या हुशाराने त्याला गाढवाचं ओरडणं जोडलं आणि तो गावोगाव फिरायला लागला.

दुसऱ्या दिवशी आमच्या एसटीच्या कंडक्टरने तिकीट देता देता मला विचारलं, "काय मॅडम, तेरा साती किती?" सगळी गाडी हसली. मी म्हटलं, "एक्क्याण्णव. आणि तुमच्या मुलीचा व्हिडिओ कुठे बघायला मिळेल?" कंडक्टर ओशाळला, पुढे जाऊन उभा राहिला. एरवी तो भला माणूस होता, म्हाताऱ्यांना हात धरून उतरवायचा. म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ईश्वरी शाळेत यायची बंद झाली.

आठवडा गेला, ती नाही. दुसरा आठवडा उजाडला, तरी नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "बागेचा हंगाम हाय मॅडम, पोरं कमीच येत्यात." हे खरंही होतं. द्राक्षांचे घड विरळ करायचं काम चालू होतं आणि अर्ध्या वर्गाच्या आया बागेत होत्या. पण ईश्वरी हंगामातही शाळा बुडवणारी नव्हती. मला ठाऊक होतं की शाळा आता बुडाली तर बुडालीच. मुलीची शाळा सुटायला गावात काही फार मोठं कारण लागत नाही. म्हणून एका दुपारी मी बागेत गेले.

ती वेलीच्या मांडवाखाली स्टुलावर उभी होती. हातात छोटी कात्री, घडातले बारीक मणी भराभर कापून खाली टाकत होती. मला पाहिलं तरी कात्री थांबली नाही.

"कधी येणार शाळेत?"

"नाय येणार."

"का गं?"

"आले तर सगळे माझ्याकडं बघत्यात न् त्यांना मोबाईलमधली दिसते." मग म्हणाली, "मॅडम, मला येत होता तेराचा. तवापण येत होता. त्यो मोबाईल समोर आला न् सगळंच गेलं."

तिची आई पलीकडच्या ओळीतून वाकून आली. हात चिकट, कपाळावर फडकं. "तिचे पप्पा म्हणत्यात, आता बरोबर म्हणताना काढा न् टाका ग्रुपवर. म्हंजी लोकांची तोंडं बंद व्हतील. पोरगी बी येईल मग शाळंत."

हेच मुख्याध्यापक म्हणत होते. हेच नितीन म्हणत होता, आणि त्याला पश्चात्तापही झाला होता बिचाऱ्याला. आमच्या कॉलेजच्या मार्गदर्शक मॅडम तर फोनवर म्हणाल्या, "अगदी छान! नंतरचा व्हिडिओ मिळेल, प्रकल्प पूर्ण होईल, मुलीची बाजूही सावरेल. तूच काढ, तुझं ऐकते ती." खरं सांगते, मलाही पटलं होतं. बागेत जाताना फोन पूर्ण चार्ज करून नेला होता. आणि मग ईश्वरीकडे पाहिलं, ती कात्री चालवतेय, आणि एकदम लक्षात आलं की या सगळ्या गावात आणि अख्ख्या कॉलेजात एकाही माणसाने तिला विचारलेलं नाही.

म्हणून विचारलं. "काढायचा का तुझा दुसरा व्हिडिओ?"

ती स्टुलावरून उतरली. "काढायचाच हाय का?"

"मी तुला विचारतेय."

"मग नको." इतक्या पटकन म्हणाली की तिची आईसुद्धा चमकली. "परत बघतील. बरोबर आलं का चुकलं ते बघत बसतील. मला नाय कुणाला दाखवायचं."

मी फोन पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन लावली. आईची ओढणी तेव्हा आठवली. इतक्या वर्षांनी मला ती बाई कळली, आणि तीही नदीकाठच्या कुणाच्या तरी बागेत!

"उद्या ये," मी म्हटलं. "वर्गात एकही मोबाईल असणार नाही. माझासुद्धा."

"मोठ्या सरांचा?"

"त्यांचासुद्धा."

हे बोलून तर बसले, आता निभवायचं कसं? शाळेत खिचडीच्या स्वयंपाकघरात तांदळाचा एक रिकामा पत्र्याचा डबा पडून होता. तो घासून सातवीच्या दाराशी ठेवला. आत येणाऱ्याने फोन डब्यात टाकायचा, जाताना घ्यायचा. नितीनने पहिला टाकला. मुख्याध्यापक पाठ बघायला आले, मी डब्याकडे बोट केलं. ते म्हणाले, "अहो मॅडम, वरनं फोन येतो." मी म्हटलं, "सर, डब्यातनं ऐकू येतो." आणि आला की! तास निम्म्यावर असताना डबा असा काही दणाणला की पोरं बाकावर चढली. सरांची रिंगटोन आरतीची होती. आरती डब्यात घुमतेय, सर दाराकडे धावतायत, आणि खिडकीजवळच्या बाकावर ईश्वरी तोंडावर हात घेऊन हसतेय. आली होती ती. स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून, पण आली होती.

रोजच्या उपक्रमाचा फोटो वर पाठवायचा असतो, त्यावरून सर हातघाईला आले. मी म्हटलं, पोरं पाठमोरी बसवा आणि बाहेर उभं राहून, मागच्या खिडकीतून काढा. सरांनी वैतागून काढला. मला तो फार आवडतो. वेण्या, मफलर, कानटोप्या, खांद्यावर उसवलेले गणवेश, आणि समोर सगळ्यांना दिसणारा फळा. त्यांना काय दिसतंय ते दिसतं, ती कोण आहेत ते दिसत नाही. वरून कुणी तक्रार केली नाही. वर कुणी बघतच नसावं.

मार्गदर्शक मॅडमना मात्र चालण्यासारखं नव्हतं. त्या कॉलेजातून खास आल्या. वर्गाबाहेर लिंबाखाली उभ्या राहून आमचं वाजलं, आणि शाळेने ऐकलं.

"हट्ट करू नकोस. तिच्या भल्यासाठीच आहे ना?"

"तिने नको म्हटलंय, मॅडम."

"लहान आहे ती. तिला काय कळतंय?"

"चेहरा तिचाच आहे. तिला नाही कळणार तर कुणाला?"

"पालकांची हरकत नाही. मुख्याध्यापकांची नाही. मग तू कोण?"

मी कोण? आठवड्यातून काही तास शिकवायला आलेली, पगार नसलेली, उद्या निघून जाणारी. तरी म्हटलं, "मी तिला शब्द दिलाय."

"पुरावा नसेल तर गुण देता येणार नाहीत. प्रकल्प सगळ्या गटाचा आहे."

"पुरावा आत बसलाय. चला, विचारा तेराचा. फक्त फोन डब्यात टाका."

मॅडम आत आल्या नाहीत. गंमत बघा, ऑनलाइन नीतिमत्ता आम्हाला याच मॅडमनी शिकवली होती, आणि मनापासून शिकवली होती. संमती, खासगीपणा, मुलांचा सन्मान. परीक्षेत त्यावर दीर्घोत्तरी प्रश्न आला, मी पुरवण्या जोडून लिहिलं आणि वर्गात सर्वात जास्त गुण मिळवले. मॅडमनी माझा पेपर सगळ्यांना वाचून दाखवला होता. तेच वर्गात करून दाखवलं तर माझ्या अहवालावर शेरा आला. "तंत्रज्ञानाच्या वापराबाबत दृष्टिकोन नकारात्मक. सहकार्याची वृत्ती कमी." गटातल्या सगळ्यांचे गुण कापले गेले. दोघी माझ्याशी अजून बोलत नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांनाही नोकरी हवीय. नितीनने प्रकल्पात नंतरच्या व्हिडिओची जागा कोरी सोडली आणि खाली लिहिलं, "विद्यार्थिनीची परवानगी नाही." पहिला व्हिडिओ तर त्याने कधीच काढून टाकला होता. पण काढून टाकला म्हणजे काय, त्याच्या फोनमधून गेला. गावभर पसरलेला कोण गोळा करणार?

तो गोळा करता येत नाही, हे ईश्वरीला आमच्या आधी कळलं. सराव संपायच्या सुमारास एकदा शाळा सुटली आणि फाटकापाशी मोटारसायकलीवर बसलेल्या पोरांनी नेहमीचं सुरू केलं, "ए तेरा साती! किती गं, तेरा साती?" मी तरातरा निघाले होते. पण त्याआधीच ती वळली. स्कार्फ खाली ओढला, सगळं तोंड दिसेल असा.

"एक्क्याण्णव," ती म्हणाली. "तेरा आठी किती?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"सांग ना. तेरा आठी?" दोन पावलं पुढे गेली. "नाय येत? मग मोबाईलमदी बघून सांग!"

काय सांगू तुम्हाला! व्हरांड्यात उभी असलेली खिचडीवाली बाई टाळ्या वाजवायला लागली. मोटारसायकल सुरू होईना, पोरांनी ती ढकलत नेली. हा प्रसंग कुणाच्याही फोनमध्ये नाही, आमचे फोन अजून डब्यात होते आणि त्या पोरांना काढायचं सुचलं नाही. मी तिथे होते, ती होती, ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं.

मागच्या आठवड्यात नाशिकमधल्या एका चकचकीत शाळेत मुलाखतीला गेले. स्वागतकक्षात मोठा पडदा, त्यावर बालवाडीतली मुलं रडताना, हसताना, डबा सांडताना. आत गेल्यावर पहिला प्रश्न, "रील करता येतात का? आमच्या पेजला वर्गातलं काहीतरी रोज लागतं." मी म्हटलं, "करता येतात. मुलांचे करत नाही." मग त्यांनी माझा अहवाल उघडला, तो शेरा मोठ्याने वाचला आणि विचारलं, "यावर काय म्हणणं आहे?" मी म्हटलं, "बरोबर लिहिलंय. सहकार्य मी कमीच केलं." ते म्हणाले, कळवतो. कळवणार नाहीत. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जरा गोड बोलली असतीस तर काय झिजली असतीस?" झिजले असते, काकू. पुढची मुलाखत नांदगावला आहे. तो शेरा मी तिथेही घेऊन जाणार आहे, फाईलमध्ये सगळ्यात वर लावून.

हा लेख लिहून झाला तेव्हा तो कुठे पाठवायच्या आधी मी रविवारची एसटी पकडून त्या गावाला गेले. पुलावर तशीच वाफ होती. ईश्वरी आता आठवीत आहे, उंच झालीय, ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मी म्हटलं, "तुझ्यावर लिहिलंय. आधी तू वाच. नको म्हणालीस तर फाडून टाकू." तिने हात फ्रॉकला पुसले आणि मोठ्याने वाचायला घेतलं. कृतिसंशोधनापाशी अडली, पुन्हा अडली, मग शब्दाचे तुकडे करून पुढे गेली. डब्यातल्या आरतीला खिदळली. स्वतःचं नाव सापडलं तिथे थांबली. "हे बदला. माझं नाव ईश्वरी टाका. मला लहानपणापासनं तेच पायजे व्हतं." शेवटपर्यंत वाचलं. मग परत मागे गेली, बागेतल्या भागाशी, आणि एका वाक्यावर बोट ठेवलं.

"हे नको."

खरं सांगू? सगळ्या लेखात ते वाक्य मला सर्वात चांगलं जमलं होतं. त्याच्यासाठीच तर लिहायला बसले होते. जिभेच्या अगदी टोकापर्यंत आलं होतं, अगं, हे राहू दे, हे तुझ्या भल्यासाठीच आहे. मग लिंबाखाली उभ्या राहिलेल्या मॅडम आठवल्या.

मी पेन काढलं आणि तिच्यासमोर ते वाक्य खोडलं. ती नीट निरखून बघत होती, खालचं अक्षर दिसत तर नाही ना. दिसत होतं थोडं. तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः पुन्हा गिरवलं.